मामा, तुमची लस आली होती

मामा, गेल्या रविवारी तुमच्यासाठी ठेवलेल्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. "मेडिकलवाले संजय मामांच्या रोजच्या बैठकीतले. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो. पहिल्या बाकावर मामी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "मामा फार चांगले होते," आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. तसं नव्हतं. तोंड उघडं ठेवलं असतं तर दुसरंच काहीतरी बाहेर पडलं असतं, आणि ते भर चर्चमध्ये, तुमच्या सगळ्या माणसांसमोर सांगायची माझी छाती झाली नाही.

म्हणून आता लिहितोय. सकाळपासून तीनदा उठलो. एकदा फ्रिजचं तापमान बघितलं, एकदा उगाच काउंटर पुसला, एकदा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. कारखान्याची धुराडी आता थंड झालीत, उसाचे ट्रॅक्टर थांबलेत. देवळाली प्रवऱ्याचा रस्ता एवढा शांत असला की मला बसवत नाही.

तुम्हाला सगळं गाव वायरमन मामा म्हणायचं. नाव शमुवेल, हे तुमच्या शवपेटीवर वाचून कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं. माझ्या दुकानाला पहिलं मीटर तुम्ही बसवलंत. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी काउंटरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायला लागलात. मला हाक मारायचात 'अर्धा डॉक्टर'. गिऱ्हाईक आलं की तुम्हीच आधी म्हणायचा, "या, अर्धा डॉक्टर मोकळाच हाय." विडी सुटली होती, पण विडीनं केलेलं काम छातीत राहिलं होतं. श्वासाचा पंप तुमच्या शर्टाच्या खिशात असायचा, आधी जिथं टेस्टर असायचा तिथंच.

पंप न्यायला येणाऱ्या माणसाला न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारायचं, हे आम्हा औषधवाल्यांचं काम आहे. ती आम्ही टोचत नाही. ती कुणाला लागते ते ओळखायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं आणि टोचेपर्यंत थंड सांभाळायची. एवढंच काम, पण ते सोपं नाही. कारण माणूस दुकानात येतो तो आजारी पडल्यावर. धडधाकट माणसाला दुकानदारानं सुई सुचवली की त्याला वाटतं, याचा माल पडून राहिलेला दिसतोय. आणि मला नेमकी तीच भीती वाटायची. वीस वर्षं मी या भीतीपोटी कितीतरी लोकांना सांगायचं ते सांगितलं नाही. तुम्हाला मात्र सांगितलं. तुमच्याशी वाद घालायला मला भीती वाटत नव्हती.

दोन वर्षं चालला आपला वाद.

"ही लहान पोरांची लस हाय. आमच्या नातवाला दिली सरकारी दवाखान्यात, फुकाट. मी काय पाळन्यात हाय का?"

"मामा, लहान पोरं आणि वयस्कर माणसं, दोघांच्या छातीला तो जंतू सारखाच. त्यात तुमची छाती आधीच पंपावर."

"मंग कोरोनाच्या घेतल्या त्या काय पान्यात गेल्या?"

"तो जंतू वेगळा, हा वेगळा."

"लई जंतू झालेत तुज्या दुकानात. झाडून घे जरा."

समोर बसलेले हसायचे. मी पण हसायचो. एकदा मी चिडून म्हणालो, मामा, उघड्या तारेला हात लावायच्या आधी तुम्ही हातमोजे घालायचात ना? तसंच आहे हे. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, आता पटलं. आणि तुम्ही म्हणालात, "हातमोजे आमाला कधी मिळालेच न्हाईत रं." संपलं.

मग या उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी तुम्ही आलात. खुर्चीत बसून बराच वेळ पंप हातात धरून होतात. चर्चच्या पायऱ्या चढताना मधे थांबावं लागलं, असं मागाहून सांगितलंत. आणि काचेवर बोट आपटून म्हणालात, "आन तुजी सुई. पन एकदाच. परत परत लचांड नको."

मी दुसऱ्या दिवशीच समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना भेटलो. त्यांनी तुमची छाती तपासली, चिठ्ठी लिहिली. लस मागवली. शनिवारी आली. सोमवारी सकाळी टोचायचं ठरलं. ती पेटी फ्रिजमध्ये ठेवताना तुम्ही मान वाकवून बघितलंत आणि म्हणालात, "एवढीशी?"

मामा, इथून पुढचं लिहायला मी टाळतोय. पुन्हा एकदा फ्रिज बघून आलो.

रविवारी मला नेवाशाला पुतणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. गाडी दारात उभी, आतले लोक हॉर्न वाजवतायत. तुम्ही म्हणालात, "जा तू. शटर मी वढतो, किल्ली घरी नेतो." मी गेलो. आपल्या रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदार बंद करताना मेन स्विच बंद करतो. कापडवाला, हार्डवेअरवाला, सगळे. एकट्या मेडिकलवाल्याला ते करता येत नाही, आत फ्रिज चालू ठेवावा लागतो. हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही रोज बघत होतात.

सोमवारी नेवाशाहून यायला मला उशीर झाला. तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसला होतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. दोन-तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. शटर उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. मेन बंद. इन्व्हर्टर बंद. फ्रिज उघडला, आतला तापमापक बाहेरच्याइतकाच आकडा दाखवत होता. इन्सुलिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, तुमची लस, सगळं गरम.

माझ्या कामात याला एकच उत्तर आहे. जे गरम झालं आणि किती वेळ गरम होतं ते सांगता येत नाही, ते माणसाच्या अंगात जाऊ द्यायचं नाही. मी ती पेटी बाजूला काढली. त्यात मी चुकलो नाही. नंतर लशीच्या कंपनीचा माणूस आला होता. तो म्हणाला, थोड्या वेळाच्या उष्णतेनं ही लस बहुतेक बिघडत नाही, पण बंद दुकानात, एप्रिलमध्ये, रात्रभर... आणि त्यानं खांदे उडवले. त्या खांदे उडवण्यानं माझी झोप घालवली आहे. पण आजही मी ती पेटी बाजूलाच काढीन.

चुकलो ते त्यानंतर.

"मामा, मेन कुणी बंद केला?"

"मी केला. आरं, बोर्डातनं वास येत हुता जळका."

"वास? विड्या फुंकून फुंकून गेलेलं नाक तुमचं, त्याला वास येतो? आयुष्यभर लायनी ओढल्या आणि फ्रिज कुठल्या लायनीवर आहे हे कळलं नाही?"

गिऱ्हाइकांतलं कुणीतरी हसलं. मी त्याच्या हसण्यावर आणखी चढलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल. तुम्ही एकदा तोंड उघडलंत, मग गिऱ्हाइकांकडे बघितलंत आणि मिटलंत. किल्ली काचेवर ठेवली. पायरी उतरताना कठड्याला धरलंत. मी बघत होतो. मी हाक मारली नाही.

दुपारी जेवताना मला आठवलं. रविवारी नेवाशाला मांडवात बँड चालू असताना खिशात फोन थरथरला होता. मी काढून बघितला, तुमचं नाव. मला वाटलं, किल्ली हरवली असेल मामांची, नंतर करू. तो फोन मी परत खिशात टाकला आणि जिलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याला बोलावून बोर्ड उघडला. मेनच्या मागची वायर काळी ठिक्कर, वरचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. "कुणी बंद केला हो हा? त्याला आधी चहा पाजा. न्हाईतर दुकान गेलंच हुतं तुमचं."

त्याच क्षणी उठून तुमच्या घरी यायला हवं होतं. चालत दहा मिनिटांवर घर. चपला घातल्याही होत्या. मग मनात आलं, रिकाम्या हातानं काय जायचं? नवी लस मागवलीच आहे. ती आली की ती घेऊनच जाऊ. म्हणजे माफी मागणं सोपं होईल. दारातच म्हणू, "मामा, तुमची लस आली, चला." तुम्ही दोन शिव्या द्याल, मामी चहा टाकतील, विषय संपेल. हे वाक्य मी चक्क घोकून ठेवलं होतं.

लस लगेच आली नाही. नगरच्या वितरकाकडे शिल्लक नव्हती. मी रोज फोन करायचो, तो रोज उद्या म्हणायचा. मी स्वतः जाऊन दुसऱ्या दुकानांत शोधली असती तर मिळालीही असती. नगरातच, सावेडीत माझे दोन मित्र याच धंद्यात आहेत. त्यांना मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मनात एक किडा होता. मामांनीही एकदा यावं की, मीच का? संध्याकाळी तुमची खुर्ची रिकामी दिसायची आणि मी तिच्यावर सलाइनच्या बाटल्यांचा खोका ठेवला, रिकामी दिसू नये म्हणून. गिऱ्हाइकं विचारायची, "मामा न्हाई आले?" मी म्हणायचो, "येतील."

शेवटी एकदाची लस आली. बर्फाच्या पेटीतून काढून मी ती फ्रिजमध्ये ठेवली, तापमान बघितलं आणि तुमच्या मोबाईलवर फोन लावला. उचलला गेला. मी घाईघाईनं म्हणून टाकलं, "मामा, तुमची लस आली."

पलीकडून मामींचा आवाज आला. "आरं संजू, त्यांना पहाटं नगरला नेलं. ताप हुता, दम लागला लई. मी चाललेच बघ आता कपडे घेऊन. न्यूमोनिया म्हनत्यात."

मी त्यांना घेऊन नगरला आलो. तुम्हाला आतल्या खोलीत ठेवलं होतं, तोंडावर मास्क. मला पाच मिनिटं आत सोडलं. मामा, त्या पाच मिनिटांत मला सगळं सांगता आलं असतं. जळालेली वायर, तो फोन, माझं तोंड. तुम्ही जागे होतात, डोळे माझ्यावर होते. आणि मी काय बोललो? "बरं वाटतंय का?" तुम्ही भुवया वर केल्यात. त्याचा अर्थ मी अजून लावतोय. कधी वाटतं, तुम्ही म्हणालात, हा काय प्रश्न झाला अर्ध्या डॉक्टर? कधी वाटतं, तुम्ही वाट बघत होतात. मी म्हणालो, "उद्या येतो निवांत." नर्सनं बाहेर जायला सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाच हवं. सुटल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा तुम्ही नव्हतात.

डॉक्टर मॅडमना मी गाठून विचारलं. त्या सोमवारी लस मिळाली असती तर? त्या सरळ बाई आहेत, तोंडदेखलं बोलत नाहीत. म्हणाल्या, "लस घेतल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. ते आजारी पडले त्याच्या आतच. शिवाय न्यूमोनिया सगळा याच जंतूचा असतो असं नाही. त्यांचा कुठला होता तेही नक्की कळलं नाही. त्या सोमवारचं ओझं घेऊ नका." मी दारापर्यंत गेलो, आणि त्या मागून म्हणाल्या, "पण दोन वर्षांपूर्वी घेतली असती तर माझं उत्तर वेगळं असतं."

तेव्हापासून मी त्या दोन वर्षांत फिरतोय. कुठे कमी पडलो? जंतू सांगितला, छाती सांगितली, हातमोजे सांगितले. कुठलं वाक्य राहिलं?

दुकानात आता मी प्रत्येकाला विचारतो. पंप नेणारा, साखरेच्या गोळ्या नेणारा, पांढऱ्या केसांचा, कुणीही असो. "न्यूमोनियाची लस घेतली का? माझ्याकडून घेऊ नका हवं तर, पण डॉक्टरांना विचारा." परवा हार्डवेअरवाला म्हणाला, "काय संजूशेठ, लई मागं लागलाय, कंपनीनं फॉरेनची टूर लावली का काय?" पूर्वी या एका वाक्यानं मी महिनाभर गप्प बसलो असतो. आता म्हणालो, "हो, लावली. तू घेतली का सांग." तो ओशाळला. घेतलेली नाही.

पण तुमची लस फ्रिजमध्ये तशीच होती. दुसऱ्या कुणाला द्यायला हात होत नव्हता. आणि मला माहीत होतं ती कुणाला द्यायची. मामींना साखर आहे, वय तुमच्याबरोबरीचं. पण दुखवट्याच्या घरात मेडिकलवाल्यानं सुई घेऊन जायचं? गाव काय म्हणेल? नवरा पुरून माती वाळली नाही आणि हा बायकोला माल विकतोय. पुन्हा तोच किडा. या खेपेला मी गेलो. रिकाम्या हातानं गेलो.

मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी खाली बसलो आणि आधी रविवारचं सांगितलं. बोर्ड, काळी वायर, फोन आणि मी तो खिशात टाकला ते. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "फोन लावला तवा मी हितंच हुते. हितनंच लावला त्यांनी, आनि म्हनले, त्याच्या फ्रीजात औषधं हायेत, उचलत न्हाई लेकाचा."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही? सगळ्यांसमोर मी एवढं बोललो..."

"ते मी पन इचारलं. म्हनले, लोकांम्होरं कसं सांगू त्याच्या दुकानाचा बोर्ड जळाला म्हनून? लोक त्याची औषधं घेतील का मग?" मामींनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "आनि शिव्या बी दिल्या तुला. लई दिल्या. म्हनले, माज आलाय. पन फ्रीजचं त्याचं बरोबर हाय, म्हनले."

मामा, तुम्ही मला पूर्ण माफ केलं असतंत असं मामी म्हणाल्या असत्या तर मला खोटं वाटलं असतं. त्या शिव्यांनी मला जरा श्वास घेता आला.

मग मी लशीचं विचारलं. अडखळत. डॉक्टर मॅडम तपासतील, त्या हो म्हणाल्या तरच, आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर...

"मला कसली भ्या?" मामी म्हणाल्या. "भ्या त्यांना हुतं."

"कशाचं?"

"सुईचं, आनि कशाचं? तुला ठाव न्हवतं? पोलावर चढायचे माकडावानी, आनि सुई म्हनली की तोंड पांढरं. कोरोनाच्या वक्ताला दोनदा रांगेतनं पळून आल्ते. मीच मनगाट धरून नेलं. तुज्यापशी काय कबूल करतील? तुज्यापशी आपलं ते जंतू न् फिंतू."

मी हसलो, आणि मग हसता येईना.

दोन वर्षं मामा. दोन वर्षं मी तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसलो, आणि त्यातला एकही प्रश्न खरा नव्हता. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसत होतात आणि मी एकदाही विचारलं नाही, मामा, भीती वाटते का? विचारलं असतं तर तुम्ही कबूल केलं नसतं, हेही मला माहीत आहे. मला शिवी दिली असती. पण दुसऱ्या दिवशी मी मामींना विचारलं असतं, आणि मामींनी मनगट धरलं असतं.

काल मामी दवाखान्यात आल्या. मॅडमनी तपासून हो म्हटलं. मी रस्ता ओलांडून फ्रिजमधून ती पेटी आणली, माझ्या हातानं दिली आणि बाहेर थांबायला निघालो. मामी म्हणाल्या, "थांब की हितंच." म्हणून थांबलो. मॅडमनी दंडावर कापूस फिरवला, सुई गेली, बाहेर आली. सगळं मिळून एका श्वासाचं काम.

"दुखलं का आजी?" मॅडमनी विचारलं.

मामी दंडाकडे बघत राहिल्या. त्या रडल्या नाहीत तुमच्या मातीच्या दिवशी, तुम्ही बघितलं असेल. आता त्यांची हनुवटी हलायला लागली.

"एवढंच हुतं व्हय वो?" त्या म्हणाल्या. मॅडमना नाही, मलाही नाही. "एवढंच हुतं?"

मॅडमनी कापूस दाबून धरायला सांगितला. मामींच्या बोटांतून तो निसटत होता. मग तो मी धरला, मॅडम "सोडा आता" म्हणेपर्यंत.